आयन रँड : एकमताचा हट्ट

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती महाविद्यालयीन वयात ‘द फाउंटनहेड’ पडली नाही, असे क्वचितच घडते. आमच्या वसतिगृहात तर दर दोनेक वर्षांनी या पुस्तकाची साथच येते. ज्याला लागण होते तो पंधरा दिवस कोणाशी धड बोलत नाही, मेसच्या आमटीपासून परीक्षापद्धतीपर्यंत सगळ्यांवर तुच्छतेचा कटाक्ष टाकतो, आणि आपण हॉवर्ड रोर्क असून भोवतालचे जग आपल्याला समजून घेण्यास असमर्थ आहे, अशी त्याची पक्की खात्री होते. साथ ओसरतेही लवकर. पण हे पुस्तक लिहिणारी बाई कोण होती, तिच्या आयुष्याचे पुढे काय झाले, असे विचारले तर रोर्कमंडळी गप्प बसतात. पुष्कळांना तिचे नावही नीट उच्चारता येत नाही. ते ‘अ‍ॅन’ नव्हे, ‘आयन’.

मला या बाईंच्या चरित्राकडे ओढले ते एका वादाने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्कासंबंधीचा आपलाच १९७३ सालचा निर्णय २४ जून २०२२ रोजी रद्द केला. त्यावर राज्यशास्त्राच्या तासाला चर्चा निघाली, तेव्हा वर्गातल्या एका स्वातंत्र्यवादी मित्राने मत मांडले, की बाजारपेठ, करआकारणी, भाषणस्वातंत्र्य हे मुख्य प्रश्न. गर्भपात हा किरकोळ. त्यावरून एका विचाराच्या माणसांनी आपसांत भांडू नये. दुसरा म्हणाला, एकदा तत्त्व मान्य केले की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकच यायला हवे. ज्याचे वेगळे येते त्याला तत्त्वच कळलेले नाही. दोघेही मुलगे होते हे सांगायला नकोच. प्रश्न किरकोळ की मुख्य, हे तो कोणाच्या शरीरावर येऊन पडतो यावर अवलंबून असते, एवढे मी त्या वेळी बोलले. पण दुसऱ्या मित्राचे म्हणणे मनात घोळत राहिले. स्वातंत्र्य मानणाऱ्या सर्वांचे सगळ्या बाबतींत एकमत असलेच पाहिजे काय? रँडबाईंचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाशी पन्नास वर्षे चाललेली झुंज आहे, असे मला ते वाचताना वाटू लागले.

बाईंचे मूळ नाव अलिसा रोझेनबाउम. जन्म २ फेब्रुवारी १९०५, सेंट पीटर्सबर्ग. घर ज्यू, वडील औषधविक्रेते, स्वतःच्या कष्टाने वर आलेले. १९१७ची क्रांती झाली तेव्हा अलिसा बारा वर्षांची होती. लवकरच बोल्शेविकांनी वडिलांचे दुकान ताब्यात घेतले. आपण उभे केलेले दुकान जनतेच्या नावाने दुसरेच कोणी घेऊन जाते, आणि बाप काही करू शकत नाही, हे या मुलीने पाहिले. तिच्या पुढच्या साऱ्या लिखाणाचे बीज इथे आहे, असे तिचे बहुतेक चरित्रकार मानतात, आणि ते मला पटते. कुटुंब क्रिमियात गेले, तेथून १९२१ साली परतले. शहराचे नाव आता पेत्रोग्राद झाले होते. अन्नाची चणचण होती. विद्यापीठात तिने इतिहास घेतला. ‘बूर्झ्वा’ घरातील म्हणून काही विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, त्यांत तिचेही नाव होते. पुढे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परत घेतले म्हणून १९२४ साली पदवी मिळाली. १९२६च्या आरंभी, शिकागोच्या नातलगांना भेटून येते असे सांगून ती देशाबाहेर पडली. परत जायचे नाही हे तिने ठरवूनच ठेवले होते. आईवडिलांची भेट पुन्हा झाली नाही. त्यांना अमेरिकेत आणण्याचा तिने प्रयत्न केला, पण सोव्हिएत सरकारने परवानगी नाकारली.

हॉलिवूडची कथा तिच्याच एखाद्या चित्रपटकथेत शोभावी अशी आहे. सेसिल बी. डीमिल या दिग्दर्शकाशी स्टुडिओच्या फाटकापाशी अवचित गाठ पडली, त्याने मोटारीत घेतले, आणि ‘द किंग ऑफ किंग्ज’ या चित्रपटाच्या गर्दीत काम दिले. येशूच्या जीवनावरील त्या चित्रपटात या कट्टर नास्तिक बाईंना फ्रँक ओकॉनर नावाचा देखणा नट भेटला. १९२९ साली दोघांचे लग्न झाले, १९३१ साली बाई अमेरिकेच्या नागरिक झाल्या. १९३५ साली त्यांचे ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’ हे नाटक ब्रॉडवेवर आले. त्यात खुनाचा खटला चालतो, ज्यूरी प्रेक्षकांतून निवडतात आणि त्यांचा निकाल जसा लागेल तसा शेवट होतो. आपल्या कलामंडळाने हे नाटक एकदा करून पाहावे. दोन्ही शेवट पाठ करावे लागतील इतकेच.

‘द फाउंटनहेड’ बारा प्रकाशकांनी नाकारली. तेराव्याकडील एका तरुण संपादकाने आपली नोकरी पणाला लावली म्हणून ती १९४३ साली छापली गेली. याच १९४३ साली आणखी दोन बायकांची पुस्तके निघाली : इझाबेल पॅटर्सन यांचे ‘द गॉड ऑफ द मशीन’ आणि रोझ वाइल्डर लेन यांचे ‘द डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम’. शासनाचे काम कमीत कमी असावे, माणसाच्या जिवावर आणि मिळकतीवर त्याचाच अधिकार असावा, हे तिन्ही पुस्तकांचे सांगणे. आज अमेरिकेत ज्यांना लिबर्टेरियन म्हणतात त्यांची वंशावळ या तिघींपर्यंत जाऊन पोचते. पुरुष अर्थशास्त्रज्ञांची नावे नेहमी आधी घेतली जातात म्हणून हे मुद्दाम सांगितले. आणि या तिघींचे आपसांत जमले का? पॅटर्सनबाई ईश्वर मानणाऱ्या, रँडबाई न मानणाऱ्या. पॅटर्सनबाईंकडून रँडबाई पुष्कळ शिकल्या, रात्र रात्र त्यांच्याशी बोलत बसल्या, आणि १९४८ साली ती मैत्री कायमची तुटली. या चळवळीच्या पाळण्यातच फूट होती म्हणायची.

‘अ‍ॅटलस श्रग्ड’ १९५७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातले जॉन गॉल्टचे भाषण साठेक पानांचे आहे. मी ते दोन बैठकींत वाचले, आणि दुसऱ्या बैठकीत पाने उलटण्याचा मोह आवरला नाही हे कबूल करते. कादंबरी म्हणून ही ‘फाउंटनहेड’पेक्षा डावी आहे. तिच्यातली माणसे बोलत नाहीत, व्याख्याने देतात. परंतु या पुस्तकाने बाईंना अनुयायी दिले. न्यूयॉर्कमधील त्यांच्या घरी शनिवारी रात्री तरुणांचे टोळके जमे. समूहवादाचा तिटकारा असलेली ही मंडळी स्वतःला थट्टेने ‘कलेक्टिव्ह’, म्हणजे समूह, म्हणवत. पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झालेले अ‍ॅलन ग्रीनस्पॅन त्यांतलेच. या गोतावळ्याचा म्होरक्या नॅथॅनिएल ब्रँडन, बाईंपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. १९५८ पासून त्याने बाईंच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यानमाला सुरू केली.

थट्टेचे नाव हळूहळू खरे होऊ लागले. बाईंचे सांगणे असे, की माणसाने केवळ स्वतःच्या बुद्धीवर विसंबावे, कोणाच्याही शब्दाला प्रमाण मानू नये. आणि त्यांच्या दिवाणखान्यात मात्र प्रमाण एकच होते. राजकारण राहो, संगीतातही मतभेद चालत नसे. बाईंना रख्मानिनॉफ आवडे, बीथोव्हेन आवडत नसे. ज्याला बीथोव्हेन आवडे त्याच्या जीवनदृष्टीतच काही खोट आहे असे समजले जाई. एक तत्त्व, त्यातून तर्काने निघणारी उत्तरे, म्हणजे चुकीचे उत्तर देणारा एक तर मूर्ख तरी असणार किंवा लबाड तरी. माझ्या वर्गमित्राचेच हे म्हणणे. फरक इतका, की बाईंनी ते अखेरपर्यंत पाळून दाखवले.

मरे रोथबार्ड हा अर्थशास्त्रज्ञ ‘अ‍ॅटलस’ वाचून भारावला आणि या मंडळात आला. शासन मुळीच नसावे इथवर त्याची मजल गेलेली. बाईंना पोलीस, न्यायालय आणि सैन्य यांपुरते शासन हवे होते. पण बिनसले ते वेगळ्याच कारणांनी. त्याची पत्नी ख्रिस्ती, श्रद्धाळू. तिने ईश्वरावरचा विश्वास सोडावा म्हणून मंडळाने तिच्यामागे लकडा लावला, असे रोथबार्ड यांनी पुढे सांगितले. वर त्यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला. १९५८ सालीच ते बाहेर पडले, बायकोसह. या प्रकरणावर त्यांनी नंतर एक एकांकिका लिहिली आणि १९७२ साली या पंथाचे समाजशास्त्र सांगणारा जहरी निबंधही लिहिला. जॉन हॉस्पर्स हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक बाईंचे स्नेही. १९६२ साली हार्वर्ड येथे बाईंनी सौंदर्यशास्त्रावर निबंध वाचला. परिषदेच्या रीतीप्रमाणे हॉस्पर्स यांनी त्यावर टीकात्मक भाष्य केले. आपल्या चर्चासत्रांत होते तसेच. बाई पुन्हा त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी १९६८ साली पाळी आली खुद्द ब्रँडनची. त्या दोघांत गुरुशिष्यापलीकडचे नाते होते, आणि ते दोघांच्याही सहचरांना ठाऊक होते. पुढे चरित्रांतून ते जगजाहीर झाले. त्याच्या तपशिलात शिरण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. लक्षात राहते ते हे, की बाईंनी आपल्या मासिकात ब्रँडन आणि त्याची पूर्वीची पत्नी यांच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले आणि खरे कारण सांगितले नाही. ज्यांना दहा वर्षे पुराव्यावाचून काही मानू नका असे शिकवले, त्यांनी आता पुराव्यावाचून बाजू घ्यायची होती. ज्यांनी कारण विचारले ते परके ठरले. व्याख्यानसंस्था बंद पडली.

इथवरची हकीकत वाचली म्हणजे बाईंविषयी मन कडू होते. माझेही झाले होते. पण याच १९६८ सालच्या उत्तरार्धात बाईंनी एक काम केले, आणि ते वाचल्यापासून त्यांना सरसकट निकालात काढणे मला जड जाते. त्या जुलैत पोप सहावे पॉल यांनी संततिनियमनाची कृत्रिम साधने निषिद्ध ठरवणारे धर्मपत्र काढले. बाईंनी वर्षअखेरीस त्यावर व्याख्यान दिले आणि त्याचा लेखही केला. लग्न आणि शरीरसुख ही माणसाची स्वतःची बाब आहे, मूल हे ठरवून स्वीकारायची जबाबदारी आहे, आणि नको असलेले मातृत्व लादणे म्हणजे बाईचे आयुष्य तिच्या हातून काढून घेणे आहे, असा त्याचा रोख. गर्भपाताबद्दल त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गर्भ हा होऊ घातलेला माणूस आहे, झालेला नाही. हक्क जन्मलेल्या माणसाला असतात. निर्णय त्या स्त्रीचा. अमेरिकेच्या न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करण्याच्या पाच वर्षे आधीचे हे बोलणे आहे.

बाईंना स्त्रीमुक्तीवाली समजण्याची चूक मात्र कोणी करू नये. त्याच वर्षी त्यांनी असेही लिहिले, की स्त्रीने अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष होण्याची इच्छा धरू नये. ते तिच्या स्वभावाला धरून होणार नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. समलिंगी संबंधांना त्या अनैतिक म्हणत, पण त्यांविरुद्धचे कायदे रद्द झाले पाहिजेत असेही म्हणत. म्हणजे नीती वेगळी आणि कायदा वेगळा, हा विवेक त्यांच्यापाशी होता. तोच विवेक घरी आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत कुठे जाई, कोण जाणे.

डिसेंबर १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्ष निघाला. १९७२चा त्याचा राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला उमेदवार कोण? तर हॉस्पर्स. जनतेची मते चार हजारांच्या आत. पण निर्वाचक मंडळातल्या रॉजर मॅकब्राइड या रिपब्लिकन सदस्याने आपले मत पक्षशिस्त मोडून हॉस्पर्सना दिले. हा मॅकब्राइड म्हणजे रोझ वाइल्डर लेन यांचा मानलेला नातू व वारस. त्याच्या त्या एका मतामुळे पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन या निर्वाचक मत मिळालेल्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री ठरल्या. पक्षातले निम्मे लोक ‘अ‍ॅटलस’ वाचून आलेले. बाईंनी त्यांना आशीर्वाद द्यावा की नाही? त्यांनी शिव्या घातल्या. ही माणसे आपले निष्कर्ष उचलतात आणि त्यांखालचे तत्त्वज्ञान फेकून देतात, असा त्यांचा आक्षेप. आस्तिक, नास्तिक, अराजकवादी, सगळे एका पंगतीला बसवून स्वातंत्र्य मिळत नाही, असे त्या म्हणत. १९७२ साली त्यांनी नाखुशीने निक्सनना मत देण्यास सांगितले.

या पंगतीत गर्भपाताचा प्रश्न आला तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या शरीराचे आपण धनी, आणि कोणी कोणावर बळजबरी करू नये, ही दोन सूत्रे सर्वांना मान्य. रोथबार्ड म्हणाले, गर्भाला माणूस मानले तरी दुसऱ्याच्या शरीरात तिच्या संमतीवाचून राहण्याचा हक्क कोणत्याच माणसाला नसतो. बाईंचेही उत्तर तेच, वाट निराळी. पण दोघे एका टेबलाशी बसणे शक्य नव्हते. उलट डोरिस गॉर्डन यांनी १९७६ साली ‘लिबर्टेरियन्स फॉर लाइफ’ ही संघटना काढली. त्यांचा युक्तिवाद धर्माचा नव्हता. गर्भ हा माणूसच आहे, त्याला त्या परावलंबी अवस्थेत आणले आईबापांनी, तेव्हा त्याला मारणे ही बळजबरी, असे त्या म्हणत. म्हणजे सूत्रे तीच आणि उत्तर नेमके उलटे. माझ्या मते इथे वर्गमित्राच्या म्हणण्याला तडा जातो. कोणावर बळजबरी करू नये हे सूत्र ‘कोणावर’ या शब्दात कोणाकोणाला धरायचे हे सांगत नाही. ते बाहेरून ठरवावे लागते, आणि ते ठरवताना प्रामाणिक माणसांचे दुमत होऊ शकते. गॉर्डनबाईंचे उत्तर मला मान्य नाही. नऊ महिने ज्या देहात हे घडते त्या देहाची मालकीण त्यांच्या युक्तिवादात हरवून जाते. पण त्यांना तत्त्व कळले नाही किंवा त्या लबाड आहेत, असे मी म्हणणार नाही. रँडबाई म्हणाल्या असत्या.

जाता जाता आपल्या देशाविषयी एक सांगते. आपला गर्भपाताचा कायदा १९७१चा, अमेरिकेतील त्या निर्णयाच्या आधीचा. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून तो आला. असुरक्षित गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्यामागचे मोठे कारण. देह कोणाचा, या वादात आपण शिरलोच नाही. निर्णय डॉक्टरच्या हाती दिला आणि पुढे चाललो. त्यामुळे आपल्याकडे या प्रश्नावर पक्ष फुटत नाहीत. ते चांगले की वाईट, यावर आमच्या खोलीत अजून एकमत झालेले नाही.

१९७४ साली बाईंच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. आयुष्यभर त्या सिगारेट ओढत आल्या होत्या, आणि त्यांच्या मंडळात सिगारेट हे माणसाच्या बुद्धीने अंकित केलेल्या अग्नीचे प्रतीक मानले जाई. १९७३ साली धाकटी बहीण नोरा रशियातून भेटीला आली होती. सत्तेचाळीस वर्षांनी भेट! तिथेही वाद झाला, आणि नोरा सोव्हिएत युनियनला परत गेली. १९७९ साली फ्रँक वारले.

या एकाकी काळात रोनाल्ड रेगन वर आले. कर कमी करा, सरकार आवरा, रशियाला ठणकावा; बाई तीस वर्षे जे सांगत होत्या ते म्हणणारा पुढारी अखेर मिळाला, असे त्यांच्या वाचकांना वाटले. १९७६ साली रिपब्लिकन उमेदवारीसाठी रेगन आणि फोर्ड यांच्यात चुरस झाली, तेव्हा बाईंनी आपल्या वाचकांना रेगनना पाठिंबा देऊ नका असे बजावले. मुख्य कारण, रेगन गर्भपाताच्या हक्काविरुद्ध आहेत. ज्या माणसाला बाईच्या देहावरचा तिचा हक्क दिसत नाही त्याला हक्क ही गोष्टच कळलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. १९८० साली रेगन निवडून आले. बाईंनी त्याही वेळी पाठिंबा दिला नाही. १९८१च्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या व्याख्यानात, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी रेगन आणि त्यांच्यामागच्या धर्मवाद्यांवर पुन्हा हल्ला चढवला. श्रोत्यांत रेगनना मत दिलेले पुष्कळ असतील. बाईंनी त्यांची पर्वा केली नाही. ग्रीनस्पॅनसारखे शिष्य सत्तेच्या वर्तुळात होते. थोडे गप्प राहिल्या असत्या तर सरकारदरबारी मानाचे पान मिळाले असते.

ज्या हट्टाने त्यांनी रोथबार्डना, हॉस्पर्सना, सख्ख्या बहिणीला दूर लोटले, तोच हा हट्ट. मला तो इथे आवडतो आणि तिथे आवडत नाही. हे तर्कशुद्ध नाही असे कोणी म्हणेल. मी म्हणते, दोन प्रसंगांत एक मोठा फरक आहे. रेगनना त्या म्हणत होत्या, दुसऱ्याच्या आयुष्यात कायदा घालू नका. शनिवारच्या मंडळींना सांगत होत्या, माझ्यासारखे वाटून घ्या.

६ मार्च १९८२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. शवपेटीजवळ डॉलरच्या चिन्हाच्या आकाराची सहा फुटी पुष्परचना ठेवली होती. वारस म्हणून लेनर्ड पीकॉफ हा एकच जुना शिष्य उरला होता. त्याच्या प्रेरणेने १९८५ साली बाईंच्या नावाची संस्था निघाली, आणि चारच वर्षांत तीही फुटली. डेव्हिड केली नावाच्या प्राध्यापकाने लिबर्टेरियन मंडळींच्या एका भोजनसभेत भाषण केले, एवढे निमित्त झाले. केलींचे म्हणणे, बाईंच्या विचारात भर घालता येते, आणि चुकलेल्या माणसाशी बोलताही येते. पीकॉफ यांचे म्हणणे, विचार पूर्ण झाला आहे. केली बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संस्था काढली.

लिबर्टेरियन पक्षाने मात्र दुमताशी दीर्घकाळ संसार केला. त्याच्या जाहीरनाम्यात असे कलम होते, की या प्रश्नावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, म्हणून शासनाने त्यात पडू नये आणि निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडावा. याच पक्षाने १९८८ साली रॉन पॉल यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ते प्रसूतितज्ज्ञ आणि गर्भपाताचे कडवे विरोधक. मे २०२२ मध्ये रीनो येथील अधिवेशनात हे कलम जाहीरनाम्यातून वगळण्यात आले. त्यानंतर महिनाभरातच न्यायालयाचा तो निकाल लागला, आणि पक्षाच्या जाहीरनाम्यात या प्रश्नावर एक ओळही नव्हती.